हातभर वाळू

मंगळवारी सकाळी सव्वादहाला निवासचे आप्पा वाळूच्या नळीत शिरले. लॅबमध्ये डबा द्यायला आले होते. नळी काचेची, हातभर उंच. आत ओली वाळू, वरून थेंबथेंब खारं पाणी. पाण्यात मातीचे बारीक कण सोडायचे, ते वाळूत कुठं अडकतात ते बघायचं, हे निवासचं काम. आधी कॉम्प्युटरला विचारायचं, मग नळीला.

"चपला काढून गेलेत," मुल्ला मॅडम म्हणाल्या. त्या शेजारच्या टेबलावर असायच्या.

कॉम्प्युटर म्हणाला, चाळीस मिनिटांत खाली येतील. नळीखाली दर पाच मिनिटांनी नवी टेस्टट्यूब लागत होती. आठव्या ट्यूबमध्ये आप्पांचा खोकला आला. नवव्या ट्यूबमध्ये लसणाच्या चटणीचा वास. दहाव्यात शर्टाचं बटण. आप्पा आले नाहीत.

निवासनं भिंग लावलं. वरून चार बोटांवर आप्पा एका दाण्याला दोन्ही हातांनी धरून बसले होते.

"आप्पा, सोडा की ते!"

"असू दे रे. जरा टेकलोय."

खारं पाणी आहे तोवर कण दाण्याला धरून राहतो. गोडं पाणी आलं की सुटतो. सुटून कुठं जातो, ते गणित निवासनं तीन वर्षं खपून, कुठलाही क्लास न लावता बसवलं होतं. त्यानं त्यात आप्पांचं माप घातलं. उत्तर आलं, सहा बोटं खालची फट आप्पांपेक्षा अरुंद आहे. तिथं अडकलेला परत सुटत नाही.

परत घातलं. तेच.

"मग खारंच चालू ठेवा," मॅडम म्हणाल्या. "माझे सासरे नाहीत का, दिवाळीपासून दोन नंबरच्या नळीत?"

निवासनं मिठाची नवी पिशवी फोडली. दर तासाला वाळूचा एक दाणा सरकून आप्पांच्या पाठीला लागत होता. त्यांच्या ओठांवर पांढरी पापडी धरली.

पाचच्या सुमाराला ते म्हणाले, "बाळा, घोटभर पाणी दे."

जन्मात त्यांनी कुणाकडं काही मागितलं नव्हतं.

"भोवती पाणीच आहे की, आप्पा."

"हे नव्हं. प्यायचं."

"ते दिलं तर सुटाल तुम्ही."

"बरं," आप्पा म्हणाले. मग जरा वेळानं, "थोडंच दे."

"तोटी डावीकडची," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

निवासनं डावी तोटी अर्धी फिरवली. गोडं पाणी वाळूतून उतरताना दिसत नाही, पण आप्पांना कळलं. त्यांनी मान वर केली. दाण्यावरचे दोन्ही हात काढले आणि ओंजळ केली.