बिल्ल्याला त्र्याऐंशी दिवस कमी

आधी खोड सांगतो. नेकनूरच्या गुरांच्या बाजारात मी चाळीस वर्षं दलाली केली, आणि तिथला रिवाजच तसा आहे. बैल मारका असो, बसका असो, नाहीतर पाणी बघून बुजणारा असो, हात मिळवण्याआधी त्याची खोड सांगून टाकायची. न सांगता विकला तर पुढच्या बाजारी तोंड दाखवायला जागा राहत नाही. तर माझी खोड अशी, की गोष्ट सांगताना माझ्या हातून शेराची पायली होते. ज्याला नुसते दाणे हवेत त्याने आपलं आपण पाखडून घ्यावं.

सिद्धाराम माझा शेजारी. एस.टी.वर ड्रायव्हर. बीडहून नेकनूरला त्याची गाडी यायची ती अशी, की आमच्या गावची तुळजाबाई मांडीवर दह्याची कासंडी घेऊन बसायची आणि घरी पोचेपर्यंत वरची साय मोडायची नाही. दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत वाटेतल्या मांजरसुंब्यालाच लोणी वर यायचं. चोवीस वर्षं त्याच्या हातून गाडीला ओरखडा गेला नव्हता. पंचवीस वर्षं विनाअपघात झाली की ड्रायव्हरला बिल्ला मिळतो, चार माणसांसमोर छातीवर लावतात. सिद्धारामला त्या बिल्ल्याला त्र्याऐंशी दिवस कमी होते, तेव्हा डोळ्यांच्या तपासणीत त्याचा उजवा डोळा नापास झाला.

त्याला स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलं. तो कुणाला दोष देत नव्हता. पन्नास जिवांचा प्रश्न असतो, नियम बरोबर आहे, असंच म्हणायचा. पण त्याची बायको बसम्मा एक दिवस माझ्याकडे येऊन सांगत होती, की जेवायला बसले की ताट दोन्ही हातांनी धरतात आणि वळवत राहतात. आमटी सांडते. पायाने ब्रेक दाबतात, तो पाटाला लागतो.

हे अठ्ठ्याण्णव सालच्या शेवटाचं. त्या काळात बीडला कॉम्प्युटरची दुकानं नवीनच निघाली होती. तासाला पैसे द्यायचे आणि काय ते टिकटिक करत बसायचं. तिथे मी मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ पाहिला. खरा रस्ता, खरी वळणं, समोरून ट्रक येतात, टेम्पो येतात. मला वाटलं, ह्याला जरा विरंगुळा. सिद्धारामला ओढून नेला आणि बसवला. ते यंत्र म्हणजे नुसतं मरतुकडं. तो बटण दाबायचा आता आणि गाडी वळायची मग. चित्र दोन पावलं चालायचं, एक पाऊल थांबायचं. अर्ध्या मिनिटात त्याची गाडी झाडावर गेली.

पोरं हसली. सिद्धाराम उठला, बाहेरच्या नळावर हात धुतले, आणि माझ्या आधी नेकनूरच्या गाडीत जाऊन बसला. घराजवळ आल्यावर म्हणाला, "अप्पा, चोवीस वर्षांत माझ्या हातनं पैला अपघात तू करवलास."

मी म्हणालो की अरे, खेळ होता तो. तो म्हणाला, "खेळ असू दे न्हाईतर काय असू दे. गाडी दम खात हुती. धड गाडी दे, त्र्याऐंशी दिवस काढून दावतो."

आता हे बोलणं दाराआड बसम्मानं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर बावीस हजार रुपये ठेवले. जुनी स्कूटर घ्यायची म्हणून बाजूला काढलेले होते, आणि डोळ्यामुळे स्कूटर आता येणार नव्हती. ती एवढंच म्हणाली, की भावजी, अपघात तुमी केलात, गाडीबी तुमीच आणा.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण औरंगाबादला सुटे भाग मिळतात आणि ते जोडून घेतले की कंपनीच्या तयार मशीनपेक्षा निम्म्यात पडतं, असं ऐकून होतो. सुटे भाग घेऊन जोडी लावणं हा तर माझा धंदाच. धोतर झाडलं आणि पहाटेच्या गाडीने निघालो.

दुकानाचा मालक बोलका होता. त्याने एका डबीतून प्रोसेसर काढला, म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. नवाकोरा पेंटियम टू. म्हणाला, याच्यावर आज भारतात काही नाही. निम्म्याच्या वर पैसे त्यातच जात होते. चित्र दाखवायचं काय, विचारलं, तर म्हणाला, ते मदरबोर्डवर फुकट येतं. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. बाजारात फुकटचं वासरू गाईच्याच किमतीत असतं. मी म्हणालो, जुंपून दाखवा.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मागच्या टेबलावर एक मुलगी पेचकस घेऊन काम करत होती, ती मात्र हसायला लागली. तिने गाव विचारलं. मी नेकनूर सांगितलं.

"मी आपल्याच बीडकडची, चकलांब्याची, काका," ती म्हणाली. मग मालकाकडे वळून, "शेठ, ते म्हणत्यात गाडीला लावून पळवून दाखवा. त्याशिवाय बैल घेत न्हाईत आमच्याकडं."

तिचं नाव यशोधरा. वडील ज्ञानोबा, चकलांब्याला रेडिओ दुरुस्त करायचे. ही पॉलिटेक्निक करून इथे लागलेली. तिने टेबलावरच सगळं उघडंनागडं जोडलं आणि तोच मोटारींचा खेळ सुरू केला. डोकं नवं होतं ते खरं, पण चित्र तसंच, दोन पावलं चाल, एक पाऊल थांब. मी टेबलावर हात ठेवला आणि म्हणालो की शेठ, तुमचा एक बैल खिल्लार आहे आणि दुसरं कुणाचं तरी मागून आणलेलं रेडकू. अशी जोडी जुंपली की जू तिरपं होतं आणि खिल्लाराचाही खांदा सोलतो.

यशोधरेचे डोळे चमकले. हेच ती गिऱ्हाइकांना रोज सांगत होती, पण कुणाला पटत नव्हतं. डोकं जरा मध्यम घ्या, सेलेरॉन चालेल, ती म्हणाली, आणि वाचले ते पैसे चित्राच्या कार्डात घाला. रॅम चौसष्टची. रॅम काय ते मी विचारलं, तर म्हणाली, गव्हाण. मोठा बैल आणि लहान गव्हाण असं नको. डबा पत्र्याचा, सगळ्यात स्वस्तातला, कारण झूल बघून बैल घेणारा बाजारात एकदाच येतो. मॉनिटर जुना, चौदा इंची, एका कोपऱ्यात हिरवट झाक मारणारा. फक्त वीज आत घेणारा भाग तिने भारी घ्यायला लावला. बीडची लाईट तिला माहीत होती.

तरी ते चित्राचं कार्ड काही बसेना. नवं घ्यावं तर पैसे पुरेनात. मग तिने खणातून एक वापरलेलं काढलं. कुणी मोठं घेतलं म्हणून परत दिलेलं. लावलं, आणि अहाहा. रस्ता असा वाहायला लागला की माझी टोपी वाऱ्याने उडाली. (हे पाखडून घ्या.)

"पण याची एक खोड हाय, काका," यशोधरा म्हणाली. "लई तापतं. डब्याची बाजू उघडी ठेवा, पंखा लावा, घंटाभर पळवलं की सोडा. तापलं तर चित्र जागच्या जागी थिजतं."

सौद्याआधी खोड सांगितली तिने. त्या शहरात, त्या काचेच्या दुकानात. मी कार्ड घेतलं.

भाव करायला मी सवयीने खांद्यावरचं उपरणं मालकाच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. आमच्यात भाव असाच होतो, चारचौघांना आकडा कळत नाही. मालकाला वाटलं मी अंगठी काढतोय. तो ओरडला, यशोधरा हसून हसून खाली बसली, मग तिने त्याला बोटांचा हिशोब समजावला. पुढे त्या माणसाला त्याची इतकी गोडी लागली, की पुण्याच्या व्यापाऱ्यांशी तो फोनवर बोलतानासुद्धा हातावर रुमाल टाकायचा.

राहिलं स्टिअरिंग. विकतचं आवाक्याबाहेर होतं. यशोधरेने त्यावरही तोड काढली. साधी जॉयस्टिक घेतली, म्हणजे खेळायचा दांडा. त्याच्या आत रेडिओचा आवाज कमी-जास्त करायची असते तसली कळ असते, आणि त्या कळा तर तिने पाळण्यात असल्यापासून बघितलेल्या. सुट्टीच्या दिवशी ती वडिलांचं सोल्डरिंगचं डागणी यंत्र घेऊन नेकनूरला सिद्धारामच्या घरी आली. बीडच्या भंगारातून मी जीपचं स्टिअरिंग आणून ठेवलं होतं. ते तिने कळीला जोडलं. दोन फळ्यांची पायडलं केली, खाली दाराच्या घंटीची बटणं. सिद्धारामने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले तेव्हा बसम्मा स्वयंपाकघरात निघून गेली.

महाशिवरात्रीला पहिली फेरी सुटली. कंडक्टर मी. बैलाच्या गळ्यातली घंटा खिळ्याला टांगली, दोन ठोके दिले की गाडी सुटायची. रस्ता कुठल्या तरी परदेशातला होता, कडेला नारळासारखी झाडं आणि समुद्र. आम्ही त्याला आपली नावं दिली. समुद्र दिसला की पालीचं धरण आलं. मोठं वळण म्हणजे मांजरसुंबा. दोन चकरा झाल्या की नेकनूर. बाकीच्या मोटारी शर्यतीत पळायच्या, सिद्धाराम डाव्या अंगाने चाळीसच्या वेगाने जायचा, मागच्याला हात दाखवायचा. पाच गाड्यांत रोज पाचवा. ते यंत्र दर वेळी त्याला हरलास म्हणून सांगायचं आणि तो दर वेळी मला म्हणायचा की वेळेत आलो ना, बस.

लाईट जायची. ते बिघाडात धरायचं ठरलं, अपघातात नाही, पण तो दिवस मोजायचा नाही. मी चतकोर वहीत फेऱ्या लिहीत होतो. चाळिसाव्या फेरीनंतर ताट वळवणं थांबलं, असं बसम्मानं सांगितलं. साठाव्याला एक ट्रक चुकीच्या बाजूने अंगावर आला, सिद्धारामने गाडी असल्या सफाईने कडेला घेतली, की माझ्या हातून घंटा वाजली. फेरी बघायला येणारा रामकिसन चहावाला तर म्हणायचा, मांजरसुंब्याच्या वळणावर त्यालाही मळमळतं.

त्र्याऐंशीवी फेरी मे महिन्यात आली. उन्हं अशी, की कावळा सावलीत चालत होता. गावाला मीच सांगत सुटलो होतो, त्यामुळे ओसरीवर, खिडकीत, दारात माणूस मावेना. पंख्याचा वारा पहिल्या रांगेतच संपत होता. बसम्मानं विभूतीची तीन बोटं डब्यावर ओढली. आणि पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतात तसा जाडजूड झेंडूचा हार मी आणला होता, तो डब्याला घातला. उघड्या बाजूवरून. दोन पदरी.

खोड मला माहीत होती. सांगितली गेली होती. हार मीच घातला.

पहिली चकर झाली. पालीचं धरण गेलं. मांजरसुंब्याच्या वळणावर समोरून ट्रक आला, सिद्धारामचा पाय ब्रेकवर गेला, आणि चित्र थिजलं. ट्रकचे दिवे हातभर अंतरावर, आमची गाडी अर्धी वळलेली. आता थिजलेलं सुटणार, आणि सुटताना कुठल्या बाजूने सुटणार, ते कुणाला ठाऊक. सिद्धाराम पाय दाबून तसाच बसला होता, मानेच्या शिरा ताठ.

बसम्मा गर्दीतून पुढे आली आणि तिने भिंतीतली पिन उपटली.

"थांबली गाडी," ती म्हणाली. "धडकली न्हाई. समद्यांनी बघितलं."

सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. धडकली नाही म्हणजे झालीच की फेरी. मीही वही उघडली, त्र्याऐंशी लिहायला घेतलं, अगदी आठाचा आकडा काढून झाला होता. सिद्धारामने स्टिअरिंगवरचे हात काढले नव्हते.

"धडकली न्हाई," तो म्हणाला, "पण पोचली कुठं? खोड तो आकडा, अप्पा. लिहू नगंस."

लोक हळूहळू उठून गेले. मी हार काढला. आतली पाकळी न् पाकळी भाजून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच आम्ही तिघंच होतो. गारवा होता, पंखा मोकळा, डबा उघडा, विभूतीसुद्धा पुसलेली. मी दोन ठोके दिले. समुद्र आला, वळण आलं, ट्रक आला आणि आपल्या बाजूने निघून गेला. दुसऱ्या चकरेला सिद्धारामने वेग कमी केला, इतका, की मला वाटलं त्याला पोचायचंच नाहीये. मग नेकनूर आलं. त्याने गाडी कडेला घेतली, पूर्ण थांबवली, आणि नसलेला हँडब्रेक ओढला. यंत्राने सांगितलं, पाचवा.

माझ्या राजा बैलाच्या कपाळावर पितळेची चकती असायची. राजा गेला त्याला सहा वर्षं झाली होती, चकती मी कुणाला दिली नव्हती. तांबटाकडून तिच्यावर पंचवीसचा आकडा ठोकून घेतला होता. ती मी सिद्धारामच्या सदऱ्याला टाचली. सदरा जरा खाली ओढला गेला, चकती बैलाच्या मापाची होती.

यंत्र पुढे दोन वर्षं टिकलं. मग ते कार्ड एकदा तापलं ते पुन्हा गार झालंच नाही. सिद्धारामही आता नाही. स्टिअरिंग माझ्या गोठ्यात खुंटीला आहे, त्याला दावं अडकवतो.

पण त्या सकाळी तो चकती तशीच लावून कामावर गेला. डेपोतले साहेब खिडकीसमोरून जाताना थांबले आणि हे काय म्हणून विचारलं. बैलाचं आहे, साहेब, सिद्धाराम म्हणाला. साहेबांनी वाकून आकडा वाचला, आणि मग खिडकीतून हात आत घालून सिद्धारामचा हात हातात घेतला.

हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. सिद्धारामने सांगितलं, आणि त्याला वाढवून सांगता यायचं नाही.