भिंत कोरी का सोडली

दर गुरुवारी मी एसटीने आंजर्ल्याहून दापोलीला जात होतो, ते रंगीत खडूंनी चित्रं काढायला. वय एकसष्ट. चाळीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली सव्वीस तांडेल म्हणून. सुकाणू माझ्या हातात आणि बाकीचे सात जण माझ्या शब्दावर. आणि आता हातात खडू.

चैत्रात माझी बायको सगुणा गेली. भाद्रपदात एका पहाटे बोट खाडीत घेताना मी ती खडपावर घातली. खडप म्हणजे खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली असलेला खडक. तो मला अंगणासारखा माहीत आहे, तरी घातली. सुकाणू तुटलं. नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, आमच्यातला पोरगा अजिंक्य खडप दिसला की हाक द्यायला उभा होता, तो आपटला आणि त्याचा हात मोडला. मी सगळ्यांना सांगितलं की पाण्याला ओढ होती आणि अजिंक्यने वेळेवर हाक दिली नाही.

बोटीचा मालक आत्मारामने तेव्हा माझा शब्द मानला. पण बोट दुरुस्त झाल्यावर त्याने सुकाणू आमच्या सातांतल्याच स्वरूपला दिलं. मला म्हणाला, "तांडेल, तुमचं ध्यान नाही. बरे व्हा, मग या."

मी बरा झालो हे कोणी ठरवायचं? माझी मुलगी दर्शना रत्नागिरीत नर्स आहे. तिने हा चित्रांचा वर्ग शोधून काढला. घरातलं माणूस गेलेल्यांसाठी, आठ गुरुवार. शेवटी तिथल्या बाई माणूस सावरल्याची चिठ्ठी देतात. आत्माराम म्हणाला, ती चिठ्ठी आणा, सुकाणू तुमचं. मला फक्त ती चिठ्ठी हवी होती.

वर्गातल्या बाईंचं नाव शमिका. पोरगीच ती, पण सगळे बाई म्हणत. पहिल्या दिवशी तिने विचारलं, तुमच्या दुःखाचा रंग कोणता? मी म्हटलं, मला काय ठाऊक. शेजारी मुरुडच्या धोंडूबाई बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "काळा घाला नि मोकळे व्हा. मी तर दर वेळी काळाच घालतंय."

दुसऱ्या गुरुवारी मनातलं हवामान काढायला सांगितलं. मी वाऱ्याचे बाण काढले.

"हे बाण कुणावर रोखलेत, काका?"

"कुणावर नाही. वायव्येचा वारा आहे."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. ती वही बघितली की माझं डोकं फिरायचं. आपण सरळ बोलावं आणि समोरच्याने त्यात भलतंच काही शोधावं, हे मला सोसत नाही. पण चिठ्ठी हवी होती, म्हणून पुन्हा खडू उचलला.

पाचव्या गुरुवारी ती म्हणाली, तुमचं घर काढा. त्या दिवशी मात्र हात थांबला नाही. खाली पाणी काढलं, डाव्या हाताला डोंगर आणि कड्यावरचं गणपतीचं देऊळ, मध्ये माड आणि माडांत आमचं घर, नखाएवढं.

शमिकाबाई मागे येऊन उभी राहिली. "देऊळ उजवीकडे येतं ना? मी गेलेय तिथे. तुम्ही उलटं काढलंत."

"तुम्ही किनाऱ्यावरून समुद्राकडे तोंड करून बघता. मी समुद्रातून बघतो."

"म्हणजे स्वतःचं घर तुम्हाला दूर गेल्यासारखं वाटतं?"

"वाटत नाही. दूर असतंच ते. दीड मैल."

धोंडूबाई हसल्या. "अगो बाई, बरोबर काढलंय त्यांनी. आमचे हे पण घर सांगायचे ते पाण्यातनंच. उंबऱ्यापासून कधी सांगितलं नाय."

शमिकाबाईने वही उघडली नाही. चित्राकडे बघत तिने विचारलं, "बाकी सगळं रंगवलंत. ही भिंत कोरी का सोडली?"

"कोरी नाही ती. चुना आहे. पांढरा खडू कागदावर दिसेल का?"

"एकाच भिंतीला चुना?"

आता हिला समजावणं आलं. प्रत्येक तांडेलाच्या स्वतःच्या खुणा असतात. जीपीएस असलं तरी खाडीच्या तोंडाशी डोळेच कामी येतात. दाभोळच्या बाजूने येताना माझी पांढरी भिंत देवळाच्या कळसाखाली आली की सुकाणू वळवायचं. त्याआधी वळवलं तर खडप. खूण दुसऱ्याला सांगायची नसते, बायकोलाही नाही. मी सगुणाला कधी सांगितली नव्हती.

"चुना तुम्ही लावता?"

"सगुणा लावायची. श्रावणात उघाड पडली की, नारळी पौर्णिमेच्या आधी. बोटी बाहेर पडायच्या आधी."

"आणि यंदा?"

माणूस गेलं की वर्षाच्या आत आमच्यात घराला चुना लावत नाहीत. यंदा भिंतीवर शेवाळ चढून ती काळी पडली होती. समुद्रातून बघता आमच्या उजव्या हाताला एका मुंबईवाल्याने यंदाच बंगला बांधला होता आणि त्याची समुद्राकडची भिंत पांढरी होती.

त्या पहाटे मला पांढरी भिंत दिसली. ती कळसाखाली आली आणि मी वळवलं.

पाण्याला ओढ नव्हती. अजिंक्यने हाक दिली होती. मी त्याला म्हटलं होतं, तू मला शिकवतोस?

हे सगळं मी बोलून गेलो, तशी शमिकाबाई पाणी घेऊन आली. म्हणाली, रडावंसं वाटलं तर रडा. मला रडू येत नव्हतं, मला राग आला होता. सगुणावर. बाकीच्या तीन भिंती ती तशाच ठेवायची. मी तिला बोलायचो, रस्त्यावरून दिसते ती बाजू सोडून मागची कसली नटवतेस? ती म्हणायची, तुळशीवृंदावनाचा उरलेला चुना आहे, तुमचं काय जातं? म्हणजे तिला माहीत होतं. माझी खूण तिने ओळखली होती आणि एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, तर यंदा मी स्वतः चुना लावला असता. लोकांनी काही म्हटलं असतं तरी.

निघताना शमिकाबाईने चिठ्ठी दिली. "आठ गुरुवार नाही झाले, पण लिहिते. तुम्ही यायचं थांबू नका."

संध्याकाळी धक्क्यावर आत्माराम जाळं तपासत होता. चिठ्ठी त्याने न वाचता खिशात घातली. "बरं झालं. सोमवारपासून या सुकाणूवर."

गप्प बसलो असतो तर काम झालं होतं. मी त्याला भिंतीचं सांगितलं. हाकेचंही सांगितलं.

तो जाळ्याची गाठ सोडवत राहिला. मग म्हणाला, "त्या पोराला मी कामावरून काढलं, तांडेल. तुमच्या शब्दावर."

"माहीत आहे."

"स्वरूप सुकाणूवर राहील. तुम्ही नाळीवर उभे राहा. हाक द्या."

सव्वीस वर्षांनी नाळीवर. मी विचारलं, "आणि अजिंक्य?"

"त्याला मी कुठल्या तोंडाने बोलावू? तुम्ही बोलवा."

अजिंक्यचं घर धक्क्यामागच्या गल्लीत आहे. त्याची आई दारात मासे साफ करत होती. मला बघून तिने बसायला पाट पुढे केला नाही.

"अजिंक्य आहे?" मी विचारलं.

"आहे. काम काय?"

"तुझ्यासमोरच सांगतो. बोलव त्याला."