तोंडातला घोट

मालकांना बारसाठी नवी स्कॉच हवी होती. शेरी नावाच्या वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली, तरी गिऱ्हाइकाच्या खिशाला परवडणारी. म्हणजे थाटही हवा आणि बिलही हलकं हवं. अशी अडचण आली की हॉटेलात सगळे खरेदीवाल्याकडे बघत. त्याच्या नाकाला तोड नव्हती.

पिणं सोडून त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो नुसता वास घ्यायचा आणि चव बघायचं काम काही ना काही सबब सांगून बारमनच्या गळ्यात मारायचा. आज नेमका बारमन तापाने फणफणला होता.

सकाळपासून खरेदीवाल्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रविवारी नातीला त्याच्याकडे ठेवायचं, असं लेकीने पहिल्यांदाच मनात आणलं होतं. "विचार करून फोन करते," म्हणाली होती. त्याने फोन काउंटरवर ठेवला, खिशात घातला, पुन्हा काउंटरवर ठेवला.

पहिल्या दोन बाटल्या त्याने वासावरच निकालात काढल्या. एकीचा रंग गडद, पण वास जळक्या साखरेचा. दुसरीत नुसतं ओलं लाकूड. तिसरीपाशी मात्र तो थबकला. मनुका, संत्र्याची साल, मागून जरासा अक्रोड.

"ही घ्या," तो म्हणाला.

"नुसत्या वासावर ऑर्डर देऊ?" मालक म्हणाले. "घोट घ्या की जरा. घ्या आणि थुंका, बादली आहे ना."

मालकांना काहीच ठाऊक नव्हतं आणि सांगायची त्याला लाज वाटली. त्याने घोट घेतला.

जीभ काही म्हणता काही विसरली नव्हती. सुक्या अंजिराचा गोडवा गालांत पसरला, पाठोपाठ दालचिनी, आणि मग ती ओळखीची ऊब घशाशी येऊन थांबली. त्याला स्वतःचीच भीती वाटली. थुंकायला हवं होतं आणि तो थुंकत नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता.

"उचला, उचला," मालक म्हणाले.

गिळलं असतं तर लगेच बोलता आलं असतं. बादली टेबलाच्या पलीकडे होती. तो खुर्चीला अडखळत तिकडे धावला, थुंकला आणि खोकतच फोन कानाला लावला.

"बाबा? काय झालं? काय करताय?"

पूर्वी अशा वेळी थाप आपोआप तोंडातून बाहेर पडायची. आत्ताही एक तयार होती.

"तोंडात व्हिस्की होती," तो म्हणाला. "कामाची. आत्ताच थुंकलो."

मालकांनी चमकून वर पाहिलं. फोनमध्ये मागे नातीची बडबड ऐकू येत होती.

"कशी होती?" लेकीने विचारलं.

वाईट होती म्हटलं की विषय मिटत होता.

"चांगली होती," तो म्हणाला. "फार चांगली होती गं."

संपलं सगळं, असं वाटून तो खुर्चीत बसला.

"वाईट होती म्हणाला असतात ना, तर मी आणलंच नसतं तिला," लेक म्हणाली. "येतो रविवारी. पण तिला एकटीला नाही ठेवणार. मीही थांबेन."

"थांब," तो म्हणाला. "तूही थांब."