आठवडाभराचा शब्द

सभागृहात त्यांना सगळे पोटकलम म्हणत. चोवीस वर्षांच्या आमदारकीत या माणसानं एकाही विधेयकाचं पोटकलम तपासल्याशिवाय सोडलं नव्हतं, म्हणून हे नाव. ते इतकं चिकटलं की एकदा खुद्द अध्यक्षांच्या तोंडून निघालं आणि कामकाजातून काढून टाकावं लागलं. मंत्रिपद त्यांना कधी मिळालं नाही. आपण कधी मागितलंच नाही, असं ते सांगत. मागितलं होतं, दोनदा. पाण्याच्या दरवाढीला विरोध, प्रत्येक गावात वाचनालय, रात्रपाळीच्या बायकांना घरपोच गाडी, ज्या ज्या मुद्द्यावर उभे राहिले तिथे हरले. जमेला एकच कायदा: प्रत्येक बसथांब्यावर बाक आणि छप्पर. त्यावरही विरोधक म्हणत, इतकी वर्षं उभं राहून गड्यानं लोकांना बसवलं तरी.

त्यांचा जीव मात्र एका अडीच पानी विधेयकात अडकला होता. रुग्णालयात, अगदी अतिदक्षता विभागातसुद्धा, रुग्णाजवळ त्याचं एक माणूस केव्हाही बसू शकेल, एवढंच त्यात होतं. अठरा वर्षांपूर्वी त्यांची बायको तिसऱ्या मजल्यावर वारली तेव्हा ते तळमजल्यावर भेटीची वेळ होण्याची वाट बघत बसले होते. त्या दोनदा तुम्हाला विचारत होत्या, असं नर्सनं नंतर सांगितलं. तिनं ते सांगायला नको होतं. तेव्हापासून आमदार निवासातल्या खोलीत ते एकटेच, आणि दुसऱ्या पलंगावर समित्यांच्या अहवालांचे गठ्ठे. मुलगी दर रविवारी फोन करी. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढं विचारून झालं की दोघांनाही पुढे काय बोलावं ते सुचत नसे.

सरकारी नसलेली विधेयकं चिठ्ठ्या टाकून चर्चेला घेतात. इतक्या वर्षांत त्यांची चिठ्ठी तीनदा निघाली. दोनदा वेळ संपली, तिसऱ्यांदा सभागृहच बरखास्त झालं. आता हे शेवटचं अधिवेशन होतं, आणि पुढचं तिकीट पक्षानं एका बांधकामवाल्याला देऊन टाकलं होतं. यावेळी झालं तर झालं.

या विधेयकाला सगळ्यांत कडवा विरोध डॉक्टरांचा. डॉक्टर समोरच्या पक्षाचे. राजकारणात येण्याआधी तीस वर्षं त्यांनी सभागृहासमोरच्याच रुग्णालयात शस्त्रक्रिया केल्या होत्या. "भावनेनं जंतू मरत नाहीत, सन्माननीय सदस्य," असं ते दरवेळी म्हणत आणि दरवेळी बाकं वाजत. चर्चा संपली की हेच दोघे उपाहारगृहात एका टेबलावर बसत आणि एकमेकांना अरे-तुरे करत. दुसरं कोण बसणार? पोटकलमांशेजारी बसलं तर कायदा ऐकावा लागे, आणि डॉक्टर समोरच्याच्या ताटात बघून त्याला पुढे होणारे आजार सांगत. माणसं दुरूनच नमस्कार करून सटकत.

सभागृहात एक जुनी रीत होती. ती कुठल्याही नियमात लिहिलेली नव्हती. दोन बाजूंच्या दोघांनी जोडी लावायची: तू आजारी पडलास, तर मी मत देणार नाही, मी पडलो, तर तू देऊ नकोस. म्हणजे कुणाचंच पारडं जड होत नाही. नवे आमदार या रीतीला हसत. या दोघांनी ती अकरा वर्षं पाळली होती.

सोमवारी सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "छाती दुखतेय रे. दाखल होतोय. आठवडाभर जोडी?"

"आठवडाभर. तू निवांत पड," पोटकलम म्हणाले.

मंगळवारी चिठ्ठ्या काढल्या. पहिलीच चिठ्ठी त्यांची निघाली. शुक्रवारी दुपारी चर्चा, पाच वाजायच्या आत मतदान. दुसऱ्यांच्या कायद्यांतल्या पळवाटा शोधण्यात ज्याची हयात गेली, त्यानं स्वतःच्या शब्दात 'माझं विधेयक सोडून' एवढे तीन शब्द घातले नव्हते. शुक्रवारही त्याच आठवड्यातला होता; आता त्यांनाच मत देता येणार नव्हतं.

पक्षाचा प्रतोद, म्हणजे मतं गोळा करणारा, त्यांच्या अंगावरच धावून आला. "शब्द कसला घेऊन बसलात? लिहिलंय कुठे?"

"लिहिलेलं नाही, म्हणून तर मोडता येत नाही."

"अहो, एका मताचा खेळ आहे. समसमान झाली तर अध्यक्षांचं मत विरोधातच जातं, विधेयक पडतं, हे मी तुम्हाला सांगायचं?"

तीन दिवस त्यांना झोप नव्हती. डॉक्टरांना फोन लावावा तर तिथे फोन आत नेऊ देत नव्हते. शेवटी शुक्रवारी आपलं भाषण उरकून ते सभागृहातून थेट रस्त्यापलीकडच्या रुग्णालयात गेले. एकच मागायचं होतं: मला तेवढ्यापुरतं मोकळं कर. भेटीची वेळ चार ते पाच, एका वेळी एकच माणूस. त्यांनी वहीत नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, म्हणून 'विरोधी सदस्य' लिहिलं. पहारेकऱ्यानं वाचलं, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि जाऊ दिलं.

अंगात निळा डगला चढवून ते आत गेले. डॉक्टर ओळखू येत नव्हते. खोकल्यानंसुद्धा सभागृह दणाणून सोडणारा माणूस, पण आता चादरीखाली काही आहे की नाही असा प्रश्न पडावा. डोळे मात्र दारावरच लागले होते.

"तू आहेस होय," डॉक्टर म्हणाले. "मला वाटलं, पोरगा आला. त्याचं विमान उद्या आहे."

पोटकलम स्टुलावर बसले. कसा काढावा विषय? पण डॉक्टर पक्के मुरलेले.

"तुझी चिठ्ठी निघाली ना? नर्सनं सांगितलं. आज शुक्रवार." त्यांनी दम घेतला. "जा, मत देऊन ये. मी सोडलं तुला."

पोटकलमांचा जीव भांड्यात पडला. घड्याळात चार वाजून वीस मिनिटं झाली होती. रस्ता ओलांडायला पाच मिनिटं, जिने चढायला दोन. अठरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते सात मिनिटांवर आलं होतं. ते उठले, डगल्याचा बंद सोडू लागले.

"मत माझं अजून तेच आहे हं," डॉक्टर म्हणाले. "गर्दीनं माणसं मरतात. मी बघितलंय."

"माहीत आहे रे."

"किती वाजले?"

"चार वीस."

डॉक्टरांनी मान हलवली. मग जरा वेळानं, जणू पहिल्यांदाच विचारताहेत असं, ते म्हणाले, "किती वाजले?"

पोटकलमांचे हात थांबले. ते बघतच राहिले. हजारो माणसांच्या छात्या उघडून शिवलेला हा माणूस घाबरला होता. लपवत होता, पण पार घाबरून गेला होता. पाच वाजता आपण पुन्हा एकटे पडणार, याचा तो हिशेब करत होता. बायकोनंही असंच विचारलं असेल का, किती वाजले म्हणून? आणि कुणाला?

त्यांनी बंद पुन्हा बांधला आणि स्टूल पलंगाला चिकटवून ते खाली बसले.

"जात का नाहीस?"

"गुडघा धरलाय. जरा बसतो."

"खोटारडा," डॉक्टर म्हणाले, पण हात चादरीबाहेर काढून ठेवला. पोटकलमांनी तो धरला. हात गार होता. कुणाचा हात धरून किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना. मग दोघांनी बरीच निंदानालस्ती केली: अर्थमंत्र्यांची, उपाहारगृहातल्या चहाची, त्या बांधकामवाल्याची. डॉक्टर एकदा हसलेसुद्धा, आणि मशीन पिकपिक करायला लागल्यावर नर्सनं काचेतून डोळे वटारले.

दाराबाहेर जमा केलेला पोटकलमांचा फोन थांबून थांबून वाजत होता. शेवटी पहारेकऱ्यानं आत डोकावून सांगितलं, "साहेब, कुणीतरी प्रतोद म्हणून आहेत. फार शिव्या देताहेत. निरोप दिलाय, समसमान."

"बरं," पोटकलम म्हणाले.

पहारेकरी गेला. डॉक्टरांनी मान त्यांच्याकडे वळवली.

"पडलं?"

"पडलं."

"गाढवा, मी सोडलं होतं ना तुला?"

"सोडलं होतंस." त्यांचा आवाज कापरा झाला. सभागृहात चोवीस वर्षांत तो कधी कापरा झाला नव्हता. "मला तिच्याजवळ बसायला मिळालं नाही रे. आज मिळत होतं, ते टाकून मी मत द्यायला कुठं जाऊ?"

डॉक्टरांनी हात सोडला नाही.

पाचला नर्स आली. तरुण होती, दिवसभर उभी राहून पाय सुजलेले दिसत होते. "वेळ झाली काका. उठा."

"आणखी थोडा वेळ बसू द्या. आज यांचं कुणीच नाही."

"इथे प्रत्येकाला असंच वाटतं हो. तुम्हाला थांबू दिलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

हाच मुद्दा डॉक्टरांनी सभागृहात दरवेळी मांडला होता. पोटकलमांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक शब्द टाकला तर नर्स थांबू देईल, इतकं डॉक्टरांचं त्या इमारतीत वजन होतं. डॉक्टरांचे ओठ हलले. मग त्यांनी पलीकडच्या सहा पलंगांवरून नजर फिरवली. सहाही जणांजवळचं आपापलं माणूस उठून निघालं होतं.

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर नर्सला म्हणाले, "यांना बाहेर सोडा." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

नर्सनं दोघांचे हात हलकेच सोडवले. पोटकलम उठले.

"उद्या येतो."

"लवकर ये रे."

"चारलाच सोडतात," पोटकलम म्हणाले. त्यांच्यामागे पडदा ओढला गेला.