नोव्हेंबरातलं मत

"आलो बघा, एल्डाबाई. तुम्हीच म्हणाला होतात ना, नोव्हेंबरात ये म्हणून?"

पोस्टमास्तरीण एल्डा टिलरी दर निवडणुकीला मतदारयादी घेऊन बसायची. तिने मान वर केली. समोर ओथो गेन्स उभा होता, कापसाच्या जिनिंगमधला म्हातारा काळा फिटर. अंगात चर्चला जायचा कोट, हॅट हातात.

मिसिसिपीत खरी निवडणूक व्हायची जुलैत. पक्ष एकच. त्याच्या घरच्या मतदानात उमेदवार ठरला की सेनेटर ठरला. नोव्हेंबर म्हणजे निव्वळ वरातीमागून घोडं! त्या वर्षी, एकोणीसशे सेहेचाळीस साली, कोर्टाच्या निकालामुळे जुलैचं ते दार काळ्यांनाही पहिल्यांदा उघडलं होतं. ओथो तेव्हा सकाळीच आला होता. मतदान केंद्राच्या ओसरीवर चौघे गोरे कुऱ्हाडीचे दांडे घेऊन बसलेले.

"आज पक्षाचं घरगुती आहे रे," एल्डा हळूच म्हणाली होती. "नोव्हेंबरात ये. तेव्हा सगळ्यांचं असतं."

तो निमूट परतला होता. आपण त्याचा जीव वाचवला, असं तिने चार महिने मनाला समजावलं. पण ते चौघे जागचे हललेसुद्धा नव्हते. ते बघत होते एल्डाकडे, आणि तिने वाचवली होती ती स्वतःची नोकरी. याची तिला लाज वाटायची.

तिने मतपत्रिका पुढे केली. ओथोने चष्मा चढवला.

"सेनेटरसाठी एकच नाव दिसतंय."

"हो."

"मग निवडायचं कोणातून, बाई?"

मागून मतदान अधिकारी प्रुइट खेकसला, "अरे, फुली मार आणि सूट! बायको बघायला आलायस काय?"

ओथोने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"जुलैत पाच नावं होती म्हणे."

"होती. ओथो, ते दांडेवाले... मला वाटलं..."

"त्यांना भिऊन नव्हतो गेलो मी. घरातून निघतानाच बायकोचा निरोप घेतला होता." त्याने चष्मा काढला. "माझा पोरगा एझरा लढाईत गेल्याची तार आली, तेव्हा सगळे लपवत होते. तुम्ही तोंडावर खरं सांगितलंत. म्हणून तुमच्या शब्दावर परतलो."

एल्डाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण प्रुइट ऐकत होता. ते तोंड तसंच मिटलं.

ओथोने कोरी मतपत्रिका टेबलावर ठेवली, हॅट चढवली आणि तो बाहेर पडला.

"मत न देताच गेला?" प्रुइट म्हणाला. "मग कडमडायला आला कशाला थेरडा?"

"मीच बोलावलं होतं त्यांना."

प्रुइट खो खो हसला. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय.