पंचगंगा घाटावरची आठ मिनिटं

माझ्या फोटोत माणूस चालत नाही. वीस वर्षं झाली, हा नियम मी मोडलेला नाही. नदी, डोंगर, वाळू, आभाळ, बस्स. वर्षभर नाशिकच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा आणि सुट्टी लागली की कॅमेरा उचलून निघायचं. मैत्रिणी म्हणाल्या, "इंदू, काशीला जाऊन माणसांशिवाय फोटो? डोकं फिरलंय का तुझं?" फिरलंय, म्हटलं. तुम्हाला काय त्रास?

माणसं पुसायची एक सोपी युक्ती आहे. लेन्सवर काळी काच लावायची. इतकी काळी, की उजेड तिच्यातून थेंबाथेंबानं आत येतो. मग शटर आठ मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्यात जे हललं ते फोटोत राहतच नाही. होड्या, पक्षी, आंघोळीला आलेले, सगळे गायब. उरतात दगड, आणि दुधासारखं पाणी.

जानेवारीत मी काशीला दुर्गाघाटाजवळ सुमंतकाकांकडे उतरले होते. काका माझ्या मावशीचे लांबचे दीर. रेल्वेतून रिटायर झालेले, आता अठ्ठ्याहत्तरचे, काकू गेल्यापासून दोन खोल्यांत एकटेच. मी पोचले तर घरात बॅगा भरणं चाललेलं. त्यांची मुलगी मधुवंती पुण्याहून आली होती, त्यांना कायमचं घेऊन जायला. दिवाळीत काका जिन्यात पडले होते. शनिवारचं तिकीट होतं.

"मी येणार नाही," काका म्हणाले.

"बाबा, तुमचा तोल जातो. इथं एकटे पडलात तर कोण बघणार?"

"गंगामाई बघेल."

"गंगामाई एक्स-रे काढायला नेणार आहे का?"

काका माझ्याकडे वळले. "तू तरी सांग हिला. सारी जिंदगी इथं गेली माझी. तिथं नवव्या मजल्यावर बसून करू काय मी?" मी कॅमेऱ्याची बॅग उघडून लेन्स पुसायला घेतली. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात नाक खुपसायचं नाही, हा माझा दुसरा नियम.

शुक्रवारी उजाडायच्या आत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या उतरले आणि मधेच थांबले. अहो, काय सांगू! गंगा नव्हतीच. पलीकडची रेती नव्हती, आभाळ नव्हतं. नुसतं पांढरं. वर घाटाच्या माथ्यावरच्या मशिदीची भिंत अर्धी होती आणि अर्धी धुक्यात गेलेली. कुठूनशी एक होडी आली, वल्ह्याचा आवाज झाला न झाला, आणि परत त्या पांढऱ्यात शिरली. इतक्या नद्या पाहिल्या मी, पण अशी छाती कधी भरून आली नव्हती.

घाईघाईनं ट्रायपॉड लावला. आणि नेमकं तेव्हाच, माझ्या फ्रेमच्या अगदी मधोमध, शेवटच्या पायरीवर कुणीतरी येऊन बसलं. खांद्यावर शाल, डोक्याला मफलर. बघते तर सुमंतकाका!

"काका, जरा बाजूला बसता का? फोटोत येताय."

"का गं, घाट तुझ्या नावावर आहे?" काका हसले. "चाळीस साल याच पायरीवर बसतोय मी. आज आखरी दिवस. तूच सरक."

अस्सा राग आला! पण म्हटलं, बसा. खाकराल, शाल सावराल, मांडी बदलाल. माझी काच तुम्हाला पुसून टाकेल. हे शेवटचं तर मोठ्यानंच बोलले. शटर उघडलं.

काकांनी डोळे मिटले. मनातल्या मनात जप चालला असावा, ओठसुद्धा हलत नव्हते. थोड्या वेळानं पूर्वेकडच्या धुक्याला आतून रंग चढू लागला. हळदीचा हात लागावा तसा आधी फिकट, मग गडद. सूर्य दिसलाच नाही, पण सगळं पांढरं सोनेरी झालं आणि त्यातून शेकडो पांढरे पक्षी ओरडत माझ्या डोक्यावरून गेले. लोक "हर हर महादेव" म्हणत पाण्यात उड्या मारत होते. एकानं तर काकांच्या अंगावर पाणी उडवलं. माझे डोळे वाहत होते, आणि पुसायची शुद्ध कुणाला होती?

शटर मिटलं. पडद्यावर फोटो आला. आंघोळवाले नाहीत, होड्या नाहीत, एक पक्षी नाही. सोनेरी पाणी, पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर सुमंतकाका. स्पष्ट. शालीचे काठ मोजता येतील इतके स्पष्ट.

वीस वर्षं मी माणसं पुसतेय. हा माणूस पुसला गेला नाही. आणि खरं सांगते, ते तिथं नसते तर तो फोटो अर्धा राहिला असता.

घरी आले आणि दुसराही नियम मोडला. मधुवंती काकांच्या स्वेटरांच्या घड्या घालत होती. तिच्यासमोर कॅमेरा धरला.

"छान आलेत बाबा," ती म्हणाली.

"हा आठ मिनिटांचा फोटो आहे. घाटावर तेव्हा चाळीसेक माणसं होती. जो हलला तो यात नाही."

तिनं काकांचे गुडघ्यांवर ठेवलेले हात मोठे करून पाहिले. एकेक बोट वेगळं दिसत होतं.

"पण बाबांचे हात कापतात. काल चहा सांडला त्यांच्या हातून."

"तिथं नाही कापले."

तेवढ्यात काका आले. "काय गं, पुसलंस की नाही मला?"

"नाही जमलं, काका."

मधुवंती उठली. "बाबा, मी रोज साडेसहाला फोन करते. तुम्ही उचलत नाही. मग तासभर मला वाटत राहतं, पडलात. तीन महिने, बाबा. रोज सकाळी तुम्ही पडताय माझ्या डोळ्यांसमोर. आणि तुम्ही हे असे बसलेले असता?"

"अगं, फोन घरीच ठेवतो मी. पाण्यात पडला तर?"

ती हसता हसता रडायला लागली. काका घाबरून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि बॅगेतला एकेक स्वेटर काढून परत कपाटात ठेवू लागली.

"रविवारपासून आठला फोन करीन," ती म्हणाली. "उचला मात्र."