रात्रीची बाजरी

बद्रीनाथला जुळी पोरं झाली ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्याची बायको आशाबाई मास्तरीण. तिची रजा संपली तशी पोरांना सांभाळायला फुलंब्रीहून, म्हणजे बद्रीनाथच्याच गावाहून, दगडाबाईला आणली आणि शहरातल्या उस्मानपुऱ्याच्या घरात ठेवून घेतली. दगडाबाई धनगराची लेक. मागं-पुढं कुणी नव्हतं.

पगार दिवसाचा ठरला होता. रात्रीचं कुणी बोललंच नव्हतं. पण पोरांना ते काय माहीत? थोरला निजला की धाकटा उठायचा, धाकटा निजला की थोरला. दगडाबाईचे डोळे खोल गेले. तिनं मनाशी पक्कं केलं, रात्र धरून पगार घ्यायचा, नाहीतर गाठोडं उचलून फुलंब्रीची गाडी धरायची.

"बाई, रातीचं काय?"

"रात्री तू झोपतेसच की," आशाबाई म्हणाली. "झोपेचा पगार कोण देतं?"

"बरं."

त्या दिवशी दिवेलागण झाली तशी दगडाबाईनं एक पोर बद्रीनाथच्या मांडीवर ठेवलं, दुसरं आशाबाईच्या, आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

"दगडाबाई, हा रडतोय," बद्रीनाथ म्हणाला.

"म्या झोपले, दादा." थोडा वेळ गेला. "खांद्यावर घ्या त्याला. तसं नाय. मुंडी धरा."

"झोपलीस ना गं तू?" आशाबाई म्हणाली.

"व्हय. झोपंतच बोलायले."

सकाळी बद्रीनाथचे वडील काकासाहेब गावाहून आले. पाहतात तर पोरगा अर्धी दाढी करून पेंगत बसलेला, आणि सुनेनं चहा आणला त्यात पत्तीच नाही. दोघांनी एकदमच गाऱ्हाणं घातलं.

"का गं दगडे," काकासाहेब म्हणाले, "निजायचेबी पैसे मागतीस?"

"काकासाहेब, माझा बाप तुमच्या रानात मेंढरं बसवायचा. रातीला मेंढरं काय करायची?"

"काय करणार? निजायची."

"मग सकाळी बापाला बाजरी कशाची घालायचात?"

काकासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. "लेंड्या-मुताची. रानाला खत व्हायचं."

"मग इथं काय येगळं हाय? तिथं रान पिऊन तरी घ्यायचं. इथं म्या धुते."

काकासाहेबांना हसता हसता ठसका लागला. बद्रीनाथ त्यांची पाठ चोळायला धावला.

"मामंजी, हसताय काय? पोरं म्हणजे मेंढरं आहेत का?" आशाबाई म्हणाली.

"नाय सूनबाई. मेंढरं रातीला रडत नाहीत. म्हणून हिला जास्तीच द्यावं लागंल." मग त्यांनी निवाडा सांगितला. दिवसाचा पगार बद्रीनाथनं द्यायचा, रात्रीची बाजरी त्यांच्या शेतातनं यायची. दुपारी शाळेतून आली की आशाबाईनं पोरं घ्यायची आणि दगडाबाईला निजू द्यायचं. मेंढकासुद्धा दुपारी झाडाखाली आडवा होतोच.

"आणि ती बाजरी कुणाच्या वाट्याची?" आशाबाईनं विचारलं.

"तुमच्याच. दर सुगीला तुम्हाला धाडतो त्यातनं निम्मं पोतं कमी येईल."

आशाबाई चार दिवस फुगून होती. पण दुपारी पोरं मात्र घ्यायला लागली.

पोरं शाळेत जाईपर्यंत दगडाबाई त्या घरात राहिली, आणि दर सुगीला तिची बाजरी आली. हा निवाडा देणारे काकासाहेब शहाऐंशी साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, फुलंब्रीला वारले.